सगळ्यात हलकं पॅडल

नाचणे, रत्नागिरी
३ नोव्हेंबर २०२५

विनीत,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकलं नसशील, तर एवढं वाच. घरी ये, बोल, माफ कर, असलं काही या पत्रात नाही. मला एक माहिती हवी आहे आणि ती दुसऱ्या कुणाला विचारावी ते कळत नाही. तू माझा नंबर बंद केल्यापासून फोन लागत नाही, म्हणून पत्र.

आपल्या वाडीतला स्वरूप गणपतीत गावी आला होता. तो म्हणाला, विनीत ठाण्यात असतो, तिथे पिकलबॉल शिकवतात त्या कोर्टवर. ते खरं असेल तर तुला हे सांगता येईल.

एका ओळखीच्या बाईंसाठी त्या खेळाचं पॅडल, चेंडू मारायची फळी, घ्यायचं आहे. वय सत्तावन्न. अंगाने बारीक, पंजा लहान. उजव्या हातात जोर कमी. सामने खेळायचे नाहीत. खुर्चीत बसून समोरून टाकलेला चेंडू परतवायचा, बस.

मी माझ्या परीने चौकशी केली. इथल्या दुकानात तीन प्रकार मिळाले. एक लाकडी, पोळपाटाला मूठ लावावी तसं, तीनशे वीस ग्रॅम. दुसरं फायबरग्लासचं, पसरट तोंडाचं, मूठ आखूड आणि जाड, दोनशे तीस ग्रॅम. तिसरं कार्बनचं, लांबट, मूठ लांब आणि बारीक, दोनशे बारा ग्रॅम. वजनं दुकानदाराने सांगितलेली नाहीत, मी समोरच्या काजूवाल्याच्या काट्यावर करून घेतली. तो हसत होता. बत्तीस वर्षं पंचायत समितीत टिपणं लिहिलेल्या माणसाला अंदाजाने काही घेता येत नाही, हे तुला माहीत आहे.

लाकडी बाद केलं. उरलेल्या दोनांत अडलो आहे. बारीक मूठ लहान पंजात नीट बसेल असं मला वाटतं. पण आतलं भरणही जाड-पातळ असतं म्हणतात, एक तेरा मिलिमीटर, एक सोळा. जाड असलं की हाताला हादरा कमी बसतो, हे खरं का?

पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडलं आहे. दोन ओळी पुरतील. खाली सही नको.

बाबा

(वर ‘तुझा’ लिहून खोडलं आहे, ते दिसेलच.)


नाचणे
१२ नोव्हेंबर २०२५

विनीत,

नऊ दिवस पोस्टमनची वाट बघितली. तुझं उत्तर न देणं मला समजतं. पण मी तुला खोटं लिहिलं होतं, ते आधी दुरुस्त करतो.

ओळखीच्या बाई म्हणजे तुझी आई.

घाबरू नकोस. हाताला अशक्तपणा आला आहे. त्यासाठी गावचं घर बंद करून आम्ही काही महिने इथे खोली घेतली आहे. नम्रता मॅडम म्हणून हातापायांचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्याच्या मागे बॅडमिंटनचं कोर्ट आहे. त्यावर नव्या रेघा मारून संध्याकाळी पाच वाजता बायका हे पिकलबॉल खेळतात. बँकेतल्या, शाळेतल्या, दोन आज्याही आहेत. व्यायाम झाला की मी तुझ्या आईची खुर्ची तिथे सावलीत लावतो. ती बघते की नाही, ते कळायचं नाही. महिनाभर तरी तिची नजर कुठे असते ते मला कळलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी तो भोकाभोकांचा पिवळा चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला. एक बाई लांबून म्हणाली, “काकू, द्या ना हिकडे!”

मी उचलायला वाकलो तर तिने डाव्या हाताने मला ढकललं. चेंडू उचलला आणि, विनीत, तो उजव्या हातात ठेवला. भोकांत बोटं अडकली म्हणून असेल, पण बोटं मिटली. तिने तो फेकला. दोन हात गेला असेल. आणि ती हसली. तोंडाची डावी बाजूच हसली, पण मे महिन्यापासून तेवढंही नव्हतं.

नम्रता मॅडम दारातून बघत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काका, यांना पॅडल आणा. इतके दिवस मी हात उचला म्हणतेय, माझ्यासाठी उचलत नाहीत. चेंडूसाठी उचलतील. पण जपून निवडा हां. एकदा हातातून पडलं, चारचौघींत फजिती झाली, तर पुन्हा त्याला हात लावणार नाहीत त्या. मी असे पेशंट पाहिलेत.”

म्हणून विचारतो आहे. बँकेतल्या बाईंचं पॅडल मी हातात धरून पाहिलं. शाळेतल्या बाईंचं पाहिलं. त्यांच्या मुठी शिंप्याच्या टेपने मोजल्या, एक सव्वाचार इंच, एक चार. प्रत्येकीला आपलंच चांगलं वाटतं. डाव्या हाताने धरलं, डोळे मिटून धरलं. माझा हात धडधाकट आहे रे, मला काय कळणार?

दोन ओळी लिही.

बाबा


नाचणे
२१ नोव्हेंबर २०२५

विनीत,

अशक्तपणा नाही. तुझ्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. एकोणीस मे, सोमवार, लांज्याचा एस.टी. स्टँड. मेंदूत गुठळी झाली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता काठी आणि माझा खांदा धरून दहा-बारा पावलं टाकते. शब्द तीन उरलेत. ‘नको’, ‘पाणी’ आणि ‘अगो’. जेवतेस का विचारलं तरी नको आणि जेवून झालं तरी नको.

मॅडम सांगतात, पहिल्या सहा महिन्यांत जे परत येतं ते भराभर येतं, पुढे वेग मंदावतो. परवा सहा महिने झाले. म्हणून माझा जीव टांगणीला लागला आहे.

लांज्याच्या स्टँडवर ती काय करत होती, हे तू विचारशील.

मनस्वीच्या पहिल्या वाढदिवसाचं आमंत्रण आलं होतं. पाकिटावरचं अक्षर तुझं नव्हतं, रसिकाचं असणार. ‘आई-बाबांना’ असं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि माळ्यावरच्या माझ्या जुन्या दप्तरात ठेवून दिलं. तुझ्या आईला नात आहे, हेही मी तिला सांगितलं नाही. ती घरपट्टीची पावती शोधत होती, तेव्हा ते तिच्या हाती लागलं असावं. मला काही बोलली नाही. सकाळी म्हणाली, “पावसला बहिणीकडं जाऊन येते दोन दिवस.” स्टँडवर तिने ठाण्याची गाडी विचारली होती. पिशवीत तिने शिवलेली लहान गोधडी होती, ओल्या काजूगरांचा डबा होता आणि ते आमंत्रण.

लग्न करून तुम्ही दोघं आलात, तो दिवस तू विसरला नसशील. रसिकाची बौद्धवाडी आणि आपली वाडी, मधे एक पऱ्ह्या, उडी मारून ओलांडावा एवढा ओढा. तिचे वडील धोंडू जाधव माझ्याबरोबर शाळेत होते. तरी मी तिला पडवीच्या पायरीवर थांबवलं. तुझी आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो मी तिच्या हातातून काढून घेतला. नंतर आठवड्याने तुला चार ओळींचं पत्र लिहिलं, आम्हाला मुलगा नाही म्हणून. गावकीचं नाव मी पुढे केलं होतं. गावकीने मला तसं काही लिहायला सांगितलं नव्हतं. तो मजकूर सगळा माझा.

हे सगळं लिहिल्यावर पॅडलचं विचारायला लाज वाटते. तरी विचारतो. पसरट की लांबट? जाड मूठ की बारीक? तिच्यासाठी सांग. ते माझ्यावर उपकार आहेत असं मी धरणार नाही.

बाबा


नाचणे
३ डिसेंबर २०२५

विनीत,

मी चुकीचं घेतलं.

तुझी वाट बघून शेवटी मीच ठरवलं. काट्यावर सगळ्यात हलकं होतं ते, कार्बनचं, लांबट, बारीक मुठीचं. हात कमजोर म्हणून हलकं, पंजा लहान म्हणून बारीक. मला ते अगदी बिनतोड वाटलं होतं.

काल संध्याकाळी मी तिला खुर्चीत बसवलं आणि पॅडल हातात दिलं. बायका खेळ थांबवून बघत होत्या, कौतुकानेच. मी हळूच चेंडू टाकला. तिने हात उचलला तसं पॅडलचं टोक खाली वाकलं, मनगट वळलं, मूठ बोटांतून निसटली आणि ते तिच्याच पायाच्या बोटांवर पडलं. मी उचलून पुन्हा दिलं. पुन्हा पडलं. मी म्हणालो, “घट्ट धर गो, जरा घट्ट धर!” आवाज चढला माझा. तिसऱ्यांदा दिलं, तेव्हा तिने डाव्या हाताने ते भिरकावून दिलं. “नको. नको. नको.” एवढ्या मोठ्याने तिचा आवाज झटक्यानंतर मी ऐकलाच नव्हता.

कालपासून ती भिंतीकडे तोंड करून आहे. पेज दिली, तोंड मिटलं. गोळ्या थुंकल्या. मॅडम आज घरी येऊन गेल्या, त्यांच्याकडेही बघितलं नाही. जाताना जिन्यात त्या मला म्हणाल्या, “काका, तुम्ही एवढी घाई का करता? तुम्हाला कशाची भीती वाटते?”

त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता मला तिच्याजवळ बसवत नाही.

त्या दिवशी ती गेल्यावर दहाच्या सुमारास माळ्यावरचं दप्तर उघडं दिसलं, आमंत्रण नव्हतं. मी समजलो आणि माझं डोकं फिरलं. पावणेअकराला तिच्या फोनवरून फोन आला. बोलणारी स्टँडसमोरची चहावाली, गंगुबाई. म्हणाली, “ओ भाऊ, तुमची बाय हितं बाकड्यावर बसलेय. तोंडातनं शब्द नीट येत नाय तिच्या. या तुम्ही लवकर.”

मी म्हणालो, “रुसलेय ती. सांगा तिला, गेलीस तशी ये.” आणि फोन ठेवला.

गंगुबाईने आणखी दोनदा केला, मी उचलला नाही. एक वाजता तिने गावातल्या रिक्षावाल्याला गाठून निरोप धाडला, की बाई बाकड्यावरून खाली पडली. मग मी गेलो. रुग्णवाहिका मिळून रत्नागिरीला पोचेपर्यंत पावणेचार. डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. पावणेअकरापासून मोज. अर्ध्या तासाने चुकलं. त्यांनी विचारलं, आधी कुणाच्या लक्षात आलं नाही का? मी म्हणालो, नाही.

हौसाला, तुझ्या आईला, हे माहीत नाही. माहीत नाही असं मी धरून चाललो आहे. गंगुबाई फोनवर बोलत होती तेव्हा ती शेजारीच बसली होती, आणि माझा आवाज मोठा आहे.

विनीत, मी हात जोडतो. मला शिव्या लिही, पण त्याच कागदावर एक ओळ पॅडलची लिही. ती जेवत नाही.

बाबा


नाचणे
१५ डिसेंबर २०२५

रसिका,

मायना काय लिहावा म्हणून कागद बराच वेळ कोरा ठेवला होता. चिरंजीव, सौभाग्यवती, यातलं काही लिहायचा हक्क मी राखलेला नाही. म्हणून नुसतं नाव.

मीच पाठवलेल्या पाकिटातून तुझं पत्र मंगळवारी आलं. ‘तुमची पत्रं विनीत उघडत नाही, मी उघडते. कोर्टवर शिकवते ती मी. विनीत तिथे संध्याकाळी मला आणि मनस्वीला न्यायला येतो. हे मी आईंसाठी लिहितेय.’ स्वरूपने मला अर्धंच सांगितलं होतं. की त्याने पुरं सांगितलं आणि मी अर्धं ऐकलं, देव जाणे.

पुढचा मजकूर मी इतक्यांदा वाचला की पाठ झाला. ‘काट्यावर वजन करू नका. पॅडलचा मुठीजवळचा गळा एका बोटावर आडवा तोला. डोकं झपकन खाली जात असेल तर ते त्यांच्यासाठी नाही, मग ते कितीही हलकं असो. बारीक मूठ घेऊ नका. अशक्त बोटांना बारीक मूठ जास्त आवळावी लागते. पसरट तोंडाचं घ्या, सोळा मिलिमीटरचं, मूठ आखूड आणि जाड. वर मऊ ग्रिपचे दोन थर गुंडाळा, सैल वाटलं तर तिसरा. मनगटाला चिकटपट्टीचा पट्टा बांधा, म्हणजे सुटलं तरी पडणार नाही. आणि त्यांना घट्ट धर म्हणून ओरडू नका.’

म्हणजे पहिल्या दिवशी दुकानात जे माझ्या हातात होतं आणि मी ठेवून दिलं, तेच. मी तसाच उठून गेलो. दुकानात दोन्ही पॅडलं बोटावर तोलली. कार्बनचं झपकन पडलं. फायबरग्लासचं जरा कललं आणि थांबलं. दुकानदार म्हणाला, “काका, आज काटा नाय आणलात?”

पण पॅडल आणून काय, ती उठायला हवी ना. तुझं पत्र तिच्या उशाशी बसून वाचून दाखवलं. तुझं नाव वाचलं तशी ती भिंतीकडून वळली. पत्र मागितलं. डाव्या हाताने अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “कोण?”

नवा शब्द! मी म्हणालो, “रसिका. ती शिकवते तिथं.”

“रस,” ती म्हणाली. “रसि. रसि.” पुढे जाईना. त्या संध्याकाळी तिने वाटीभर पेज घेतली.

शनिवारी बायका घरी गेल्यावर आम्ही तिघंच कोर्टवर गेलो. मॅडमनी पट्टा बांधला. म्हणाल्या, “काकू, मारायचं नाही. नुसतं मधे धरायचं. चेंडू येऊन आपटू दे.” पहिला तिच्या गुडघ्यावर लागला. दुसरा खांद्यावरून गेला. माझा चेंडू सरळ पडत नव्हता. तिसऱ्याला पॅडल सुटलं, पण पट्ट्याला लोंबकळत राहिलं. तिने ते बघितलं, डाव्या हाताने परत उजव्यात बसवलं. मी ओरडलो नाही. पाचवा चेंडू टॉक करून लागला आणि माझ्या छातीवर येऊन आदळला.

“अगो!” ती म्हणाली.

अकरा चेंडू परतवले तिने. मॅडम रडत होत्या आणि मोजत होत्या.

घरी आल्यावर तुझं पत्र तिने पुन्हा मागितलं. मांडीवर ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तू?”

एकच अक्षर. हिने एवढं केलं, तू काय केलंस, असं ते होतं. मी आमटीला फोडणी द्यायला उठलो. सांगायला हवं आहे. तू सगळी पत्रं वाचली आहेस, तुला कळतंय मी कशाबद्दल म्हणतो ते.

भिकाजी घाणेकर
(बाबा असं तुला कसं लिहू?)


नाचणे
११ जानेवारी २०२६

रसिका आणि विनीत,

हे पत्र नम्रता मॅडमच्या हाती देतो आहे. दुपारच्या गाडीने त्या हौसाला घेऊन निघतील. विनीत ठाणे स्टेशनवर येणार असं मॅडम म्हणाल्या. विनीत, मॅडमच्या फोनवरून तू आईशी बोललास, तेव्हा मी जिन्यात उभा होतो. तुझा आवाज दारातून येत होता. भरला आहे आवाज तुझा.

तिला मी सांगितलं. नाताळच्या सुट्टीत दवाखाना बंद होता तेव्हा, दुपारी जेवण झाल्यावर. गंगुबाईचा फोन, मी काय बोललो, मग दोनदा उचलला नाही, डॉक्टरांशी खोटं बोललो, अर्धा तास. सगळं. ती ऐकत राहिली. तिच्या तोंडाच्या उजव्या कडेने लाळ गळते, ती पुसायला मी रुमाल पुढे केला, तर तिने माझा हात धरला आणि बाजूला ठेवला. ढकलला नाही. एखादी वस्तू उचलून बाजूला ठेवावी तसा ठेवला. मग म्हणाली, “ऐकलं.”

आत्ता ऐकलं म्हणाली, की तेव्हाच त्या बाकड्यावर ऐकलं होतं, हे मी विचारलं नाही. विचारायचा धीर मला झाला नाही.

चार दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. मॅडम येऊन भरवत होत्या. पाचव्या दिवशी कोर्टवरून आल्यावर खुर्चीतूनच म्हणाली, “ठाणे.”

मी म्हणालो, “जाऊ या. मी तिकिटं काढतो.”

“तू नको.”

दोन्ही शब्द जुनेच, पण एकत्र पहिल्यांदा आले. मॅडमना आनंद लपवता येईना, दोन शब्द जोडले म्हणून. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. मी तिला विचारलं, “किती दिवस?” तिने मनगटाचा पट्टा सोडायला घेतला. मी पुन्हा विचारलं नाही.

मी गावी जातो. घर सात महिने बंद आहे. वाटेत लांज्याला उतरून गंगुबाईला भेटणार आहे. तिने दोनदा परत फोन केला होता, हे कुणीतरी तिला आठवण ठेवून सांगायला हवं. आणि पऱ्ह्या ओलांडून धोंडूकडे जाईन. त्याने पायरीवर थांबवलं तर थांबेन.

आता कामाचं लिहितो. रक्त पातळ करायची गोळी रात्री जेवणानंतर, ती चुकवायची नाही. पाणी चमच्याने, घाईत दिलं तर ठसका लागतो. चालताना तिच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, डावी बाजू ती स्वतः सांभाळते. ‘नको’ म्हणाली तर लगेच खरं मानू नका, थोडं थांबून पुन्हा विचारा. पण हल्ली बऱ्याचदा तिला खरंच नको असतं. मनस्वीला पहिल्यांदा मांडीवर द्याल तेव्हा डाव्या हाताकडे द्या.

विनीत, तुझ्याकडे मी काही मागत नाही, असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं. सगळंच मागत होतो. आता मागत नाही.

आज सकाळी तिने मला हाक मारली. नावाने नाही, “अगो” म्हणून. कंगवा माझ्या हातात दिला आणि पाठ केली. सात महिने मी तिचे केस नुसते विंचरून मागे बांधतो. आज तिने बोटांनी खूण केली, वेणी हवी. मला वेणी येत नाही. तीन पेड करायचे एवढं माहीत होतं. केस पातळ झालेत तिचे, मागे पांढरे आहेत, मला ते माहीतच नव्हतं. एकदा घातली, सुटली. पुन्हा घातली. ती हलली नाही, वैतागली नाही, आरशात बघत बसून राहिली. तिरकी झाली आहे, डाव्या खांद्यावर आली आहे. रबर नव्हतं, पांढऱ्या सुतळीने बांधली.

रसिका, ठाण्याला उतरेपर्यंत ती सुटली असेल. तू नीट घाल.

भिकाजी